स्वतःला दिलेलं एक मत

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. एकोणीस वर्षं ती कवळ्या घडवत होती. माणूस समोर नसायचाच. असायचा प्लास्टरचा साचा. त्यावरून ओळखायचं, हा डाव्या बाजूनेच चावतो, ही झोपेत दात खाते. हे सगळं ती एका साइटवर लिहायची. तिथे वाचकांनी मत दिलं की लेखकाच्या खात्यात टोकनं पडत, त्यांचे थोडे पैसे होत. सात दिवस मतदान, मग लेख बंद. तिच्या टोकनांत इंटरनेटचं बिलही निघत नसे, पण कुणीतरी वाचतंय, एवढ्यावर ती खूश होती.

स्वतःच्या लेखाला मत द्यायला नियमात मनाई नव्हती. पण तिथले एक जुने सभासद, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं, "ताई, स्वतःला मत देणं बरं दिसत नाही हो." तिने ते पाळलं.

मग आई गेली. आईची शेवटची कवळी ताईनेच केली होती आणि तीच नीट बसली नव्हती. आजारात हिरड्या आकसत गेल्या, कवळी हलायला लागली. आई ती काढून वाटीत ठेवायची आणि म्हणायची, "तुझं काही चुकलं नाही गं. माझंच तोंड लहान झालं." चार रविवार घालवून ताईने हे लिहिलं.

मतं पडली दोन. त्याच दिवशी सरांनी खिडकीतल्या कुंडीचा फोटो टाकला होता. त्याला एकशे चाळीस. सहाव्या दिवशी आईचा लेख यादीच्या पार तळाला गेला. थोडा वर सरकला तर चार माणसं वाचतील, असं म्हणून तिने स्वतःचं मत दिलं.

कुणी मत दिलं ते तिथे सगळ्यांना दिसायचं. तासाभरात सरांनी खाली लिहिलं, "आईच्या मरणावरही कमाई? निदान तिथे तरी संयम ठेवायचा." मग चाळीसेक जण तुटून पडले. तिथे विरोधी मतही देता येई, आणि तशा मतांनी लेख झाकला गेला.

"त्या कुंडीला मतं कुणी दिली?" धाकटी बहीण उसळून म्हणाली. "त्यांच्याच गोतावळ्याने ना? एकमेकांची पाठ थोपटली तर ते सौजन्य, आणि तू स्वतःची थोपटलीस तर हावरटपणा?"

"जाऊ दे. माफी मागते आणि मोकळी होते."

"कशाची माफी?"

ताईने चार ओळींची माफी लिहून टाकली. संध्याकाळपर्यंत तिला तीनशे बारा मतं पडली. सरांनी लिहिलं, "यासाठी मोठं मन लागतं." एकोणीस वर्षांचं काम सांगून जेवढं मिळालं नव्हतं, तेवढं त्या चार ओळींनी मिळालं. झाकलेला लेख बोटाच्या एका टिचकीने उघडत होता. तो किती जणांनी वाचला, हा आकडा खाली दिसायचा. काल अकरा होता, आजही अकराच. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कवळीचं मेण कोरताना तिची सुरी खोल गेली आणि हिरडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

त्यानंतर ती शिकली. सकाळी लॅबमधलं यंत्र तापेपर्यंत तीस जणांच्या लेखांखाली न वाचता "सुंदर" लिहायची, मत द्यायची. तिलाही मतं येऊ लागली. रिकाम्या बाकाचा फोटो टाकला, त्याला नव्वद आली. कवळ्यांबद्दल लिहिणं मात्र मागे पडलं, ते पडलंच.

वर्षभराने एका नवख्या कंपाउंडरने तिला खासगीत विचारलं, "ताई, स्वतःच्या लेखाला मत दिलं तर चालतं का हो?"

तिने लिहिलं, "आधी रोज दहा जणांना सुंदर म्हणत जा. मग तशी वेळच येत नाही."

"थँक यू, ताई," त्याने लिहिलं. पाच मिनिटांत त्याचं पहिलं "सुंदर" तिच्याच फोटोखाली येऊन पडलं. तिने त्याचा लेख न उघडताच मत दिलं आणि साचा सोडवायला उठली.