ठमाबाईची मुंगीएवढी नात

पळसदेवच्या ठमाबाईकडं मोठं असं काही नव्हतंच. म्हणजे होतं सगळं, पण तिच्या तोंडून बाहेर पडताना बारीक होऊन पडायचं. चार एकर ऊस म्हणजे टिचभर रान. बारा लिटर दूध देणारी म्हैस पेलाभर द्यायची. लेक मल्हार सहा फुटांचा गडी, दारातून वाकून आत यायचा, तरी तो आपला मूठभर जीव. चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते, हे म्हातारीचं ठाम मत. मेंढरं होती त्या काळी तिची सासू दोनशे मेंढरांना 'चार पिल्लं' म्हणायची. एकदा एका पाहुण्यानं खरा आकडा मोठ्यानं उच्चारला आणि त्याच साली निम्मी मेली. झालं, ठमाबाईनं तेव्हाच कानाला खडा लावला.

सून राजेश्वरी माळेगावची, कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. तिला हा हिशेब कळायला वर्ष गेलं. एकदा सासू म्हणाली, इवलेसे पाव्हणे यायचेत. हिनं मोजून सहा भाकरी थापल्या, आणि दारात ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं उतरली. तेव्हापासून म्हातारीनं तीळभर म्हटलं की राजेश्वरी पोतं धरून चालायची.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला सातव्या महिन्यातच कळा लागल्या. जीपनं बारामतीच्या दवाखान्यात नेली. मुलगी झाली, वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, दोन किलो होईपर्यंत काही सांगता येत नाही.

ठमाबाई काचेपाशी आली. एवढुशी, चिमुकली, नखभर, कणभर, जन्मभर वापरलेले हे सगळे शब्द आता खरोखर लागू पडत होते, आणि एकही तिच्या ओठावर येईना. शेवटी नर्सबाईच कौतुकानं म्हणाली, किती चिमुकली आहे हो आजी. म्हातारी अशी उखडली म्हणता!

"चिमुकली कुणाला म्हणती गं? चांगली धिप्पाड हाय."

तिथून घरात बारीक शब्दांना बंदी. जेवताना मल्हारनं चिमूटभर मीठ मागितलं तर म्हातारी डोळे वटारायची. मग तो बापडा पसाभर मीठ मागायचा आणि ती चिमूटभर वाढायची. गावभर सांगून आली, नात हत्तीएवढी हाय. शेजारची छबूबाई भोळी, तिनं दोन वर्षांच्या पोरीच्या मापाचं झबलं शिवून दवाखान्यात आणलं. त्यात अशा पाच पोरी मावल्या असत्या. ठमाबाईनं ते उलटसुलट करून बघितलं आणि आखूड होईल म्हणाली.

राजेश्वरीला हसू आलं, आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं. नजर लागायला मुळात काहीतरी असावं लागतं. म्हातारी ह्या पोरीला बिनधास्त मोठी म्हणते, म्हणजे तिला इथं नजर लागण्यासारखं काही दिसतच नाही! तिनं सासूचा हात धरला.

"आत्या, खरं सांगा. जगंल का वो?"

"एवढी दांडगी पोर. तिला काय हुतंय?" ठमाबाई म्हणाली आणि हात सोडवून झबल्याची घडी घालायला लागली.

दोन महिन्यांनी पोर घरी आली. सव्वादोन किलो. डॉक्टर खूश, मल्हारनं पेढे वाटले. पण म्हातारीचं धिप्पाड काही सुटेना, म्हणून राजेश्वरीचा जीव टांगलेलाच. डॉक्टरांपेक्षा तिचा सासूच्या जिभेवर जास्त भरवसा. गणपती आले, गेले. दसऱ्यालाही पोर धिप्पाडच.

दिवाळीत छबूबाई फराळाला आली. पोरीच्या मांड्यांना एव्हाना वळ्या पडल्या होत्या. तिनं उचलून घेतलं, हात अवघडला तसा बदलला आणि म्हणाली, अगं बाई, केवढी जड झालीय ही!

ठमाबाईनं पोर हिसकावूनच घेतली.

"कुठं जड? मुंगीएवढी तर हाय. कणभर जीव. राजेश्वरी, मीठ-मोहऱ्या आण आधी!"

राजेश्वरी आत गेली आणि मोहरीचा डबा पोटाशी धरून ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन मूठ भरून बाहेर आली. म्हातारी पोरीच्या गालाला काजळाची तीट लावत होती.

"तेवढी पुरंल व्हय, आत्या?" राजेश्वरी म्हणाली. "जरा मोठी लावा."