ओतून दिलेला उजेड

"पाह्य बरं. नीट पाह्य," असं म्हणत मॅडम विद्यार्थ्याच्या डोक्यावर मागून तळहात ठेवायच्या आणि ते डोकं सूक्ष्मदर्शकावर दाबायच्या. पोराला हवं ते दिसल्याशिवाय हात निघायचा नाही. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कितीतरी बॅचेस त्या हाताखालून गेल्या. मी शेजारच्या खोलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. वयानं बराच लहान, म्हणून मला 'भाऊ' आणि चिडल्या की नुसतं 'काऊन रे'.

मॅडम हिवरखेडच्या, केळी-संत्र्यांच्या माळकरी घरातल्या. समुद्र त्यांनी सहलीत पाहिला तेवढाच. पण जीव जडला होता माकुळावर, म्हणजे शाई सोडणाऱ्या त्या समुद्री प्राण्यावर. स्टाफरूममध्ये कोणी चहा घेऊन शेजारी बसला की संपला.

"जन्मते तवा त्याच्यापाशी उजेड नसते रे. समुद्राच्या पाण्यात नाही नाही त्या जातीचे जिवाणू. त्यातले चमकणारे तेवढे निवडून हा पोटात घेते. राहाले जागा देते, खायले साखर देते. अन् रात्री ते याच्या पोटाखालून चांदण्यावानी उजेड पाडते. खालून मोठा मासा पाहे, तर याची सावलीच दिसत नाही!"

"आणि सकाळी?" उत्तर माहीत असूनही मी विचारायचो.

"सकाळी बहुतेकायले घराबाहेर काढते. थोडे ठेवते. संध्याकाळपर्यंत पुन्हा घर भरते. एकटा जिवाणू काही चमकत नाही, गर्दी झाली का सारे एकदम. आपल्या होस्टेलच्या रेक्टरपेक्षा कारभार चांगला हाये त्याचा."

आयुष्यभर शिकवलेला हा उजेड त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ठरवलं, पाहायचाच. मी हसलो. म्हणालो, "मॅडम, समुद्राचा उजेड वऱ्हाडात कुठून आणता?"

"अकोल्याच्या मच्छीबाजारात मुंबईहून बर्फाच्या खोक्यात येते ना माकूळ. जिवाणूले काय ठाऊक, मुंबई का वऱ्हाड?"

अकोल्याला त्यांची धाकटी बहीण राहते. तिला बरोबर घेऊन, पदर नाकाला लावून या बाई बाजारात गेल्या. कोळीण म्हणाली, कसा शिजवायचा ते सांगू का? "शिजवाचा नाही व, अंधारात ठेवाचा हाये," मॅडम म्हणाल्या. त्यावर कोळणीनं बहिणीकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याची नक्कल त्या आठवडाभर करत होत्या. माकूळ थर्मासच्या डब्यातून अमरावतीला आला आणि विभागाच्या फ्रिजमध्ये, विभागप्रमुखांच्या जेवणाच्या डब्याशेजारी बसला. त्यावरून झालेला तमाशा तुम्ही कल्पनेनंच पाहा.

माकूळ मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवला. त्याच्या अंगावरून जिवाणू उचलून फ्लास्कमध्ये वाढवायचं काम माझं. मी ते केलं, पण अर्ध्या मनानं.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं आधी खोलीत शिरलो. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. पोरं बाहेर व्हरांड्यात थांबली होती. मी दार लावलं. डोळे अंधाराला सरावले आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. फ्लास्क पेटला होता. निळा, थंड, हलता उजेड. मॅडमच्या चष्म्याच्या काचांवर त्याचे दोन ठिपके दिसत होते. त्या फ्लास्ककडेच तोंड करून उभ्या होत्या.

"दिवा नाही लागला वाटते रे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी चाचपून फ्लास्क उचलला, हलवला. हवा मिळाली तसा तो आणखीच उजळला. त्यांची बोटं मला दिसत होती, बोटातली अंगठी दिसत होती.

"अंधारच हाये. तुले दिसते काही?"

मी हादरून गेलो होतो. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "नाही मॅडम. नाही लागला."

त्या हसल्या. "गेलं मुंबईचं पार्सल पाण्यात." कोपरानं बेसिन शोधून त्यांनी फ्लास्क उपडा केला. तो उजेड बेसिनच्या कडेनं फिरत जाळीत उतरला, आणि मी पाहत राहिलो. "चल, पोरायले सांगू, मॅडम नापास."

नंतर एकेक आठवायला लागलं. जिना उतरताना त्या भिंतीला हात लावून चालायच्या. दिवेलागणीच्या आधी घर गाठायच्या. सांगायचं, डॉक्टरकडे चला म्हणायचं, असं मी रोज ठरवायचो. पण हसऱ्या माणसाला अशी बातमी कोण देणार? घरचे देतील, असं म्हणून मी सुटलो. भित्रेपणाच तो, दुसरं नाव नाही त्याला.

पुढच्या वर्षी त्या उजेडातसुद्धा ठेचकाळायला लागल्या, तेव्हा बहिणीनं नेऊन दाखवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता येत नाही. आधी आल्या असत्या तर उरलेली बरीच राखता आली असती. मॅडम बहिणीकडे राहायला गेल्या.

या हिवाळ्यात मी अकोल्याला गेलो. राहवलं नाही म्हणून गेलो. चहा झाला, आणि मी सांगून टाकलं. "मॅडम, त्या दिवशी फ्लास्क चमकत होता."

त्या खुर्चीतून उठल्याच. "लागला होता? खरंच? अवो, ऐकलं का व, लागला होता माहा माकूळ!" स्वयंपाकघरातून बहीण धावत आली. "कसा होता रे? निळा का हिरवा?"

"निळा, मॅडम. तुम्ही हलवला तेव्हा तर वाढला."

"वाढनच! हवा लागते त्याले," त्या म्हणाल्या. चेहरा फुलला होता. मग तो हळूहळू उतरला. हिशेब त्यांनीच लावला, मला बोलावं लागलं नाही.

"तुले दिसत होता?"

"हो."

"अन् मले दिसत नाही, हेबी तुले तवाच समजलं?"

"हो, मॅडम."

त्या चाचपत परत खुर्चीत बसल्या. बहीण दारातच उभी राहिली. मग मॅडम अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "जाय तू आता. गाडी निघून जाईन तुही."

अमरावतीची गाडी तासातासाला असते, हे त्यांनाही माहीत होतं. मी उठलो.

आता फोन केला की बहीणच उचलते. "झोपली हाये ते," म्हणते. सकाळचे अकरा वाजलेले असतात, आणि मागून मॅडमचा आवाज येत असतो.