आरती चालू असताना कापलेलं जाळं

माणसं खोटं बोलतात याचा मला फारसा राग येत नाही. जगात राहायचं तर थोडंफार खोटं चालायचंच. पण खोटं बोलायला देवाला पुढे करणाऱ्यांचा राग मात्र इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत कोलंबिया नदीकाठच्या एका लहानशा गावात राहत होतो. हे तिथल्या धरणावर इंजिनिअर होते. ह्यांचा साहेब आमचा शेजारी. सुट्टी आली की गळ घेऊन सॅल्मन पकडायला जाणारा, आणि नदी आपल्या बापाची समजणारा.

नदीत जाळी टाकायचा हक्क तिथल्या मूळ रहिवाशांना होता. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांची जमीन घेताना सरकारनं तह करून तसं लिहून दिलं होतं. साहेबाच्या डोळ्यांत ते सलायचं. कुंपणावर हात टेकून म्हणायचा, "हक्क आजोबांचा सांगतात ना? मग आजोबांसारखं लाकडी होडीत बसून भाल्यानं मारावेत मासे. नायलॉनचं जाळं आणि मोटार कशाला?"

"तुमच्या आजोबांकडे ही फायबरची बोट होती का?" मी एकदा विचारलं.

ह्यांनी मला लगेच घरात बोलावलं, दूध उतू जातंय म्हणून. शेगडीवर काहीही नव्हतं.

मी अलिबागकडची. आमच्या कोळ्यांनीही सुती जाळी टाकून नायलॉनची घेतली. त्यामुळे ते कोळी राहिले नाहीत, असं म्हणणारा शहाणा मला तोवर भेटला नव्हता.

मासे मी पुलाखाली बसणाऱ्या एका बाईकडून घ्यायचे. तहवाल्यांपैकीच ती. साठीची, थोराड, तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी मी माशाचे कल्ले उचलून पाहिले तर म्हणाली, "घ्यायचा तर घे, त्याला तपासत बसू नकोस." तिथेच आमचं जमलं. साहेबाचं बोलणं तिला सांगितलं तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. तिचा बाप धबधब्यावर फळ्यांचा माच बांधून, लांब दांड्याच्या जाळीनं उसळणारे मासे पकडायचा.

"ते खडक धरणाच्या पाण्याखाली गेले," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला सांग, जुनी पद्धत बघायची असेल तर आधी पाणी उतरवा."

गावात मराठी घरं दोनच. आमचं आणि काका-काकूंचं. काका वयानं मोठे, ह्यांना धरणावर चिकटवणारेही तेच. गणपती त्यांच्याकडे असायचा. काकू मातीची मूर्ती स्वतः करायच्या, सोंडेपर्यंत छान जमायची. विसर्जनाला साहेब आपली बोट द्यायचा आणि स्वतः चालवायचा. काकांना त्याचं केवढं कौतुक!

त्या वर्षी नदीच्या मध्यावर साहेबानं इंजिन बंद केलं आणि आम्ही आरती सुरू केली. बोट वाहत वाहत एका जाळ्यापाशी गेली. दोराला बांधून पाण्यावर सोडलेले दुधाचे रिकामे पांढरे कॅन मी ओळखले. जाळं पुलाखालच्या बाईचं होतं. साहेबानं वाकून मासे साफ करायची सुरी काढली आणि वरचा दोर कापला. मग दोर ओढत थोडा पुढे गेला आणि पुन्हा कापला. पुन्हा. अडकलेल्या माशांसकट जाळं खाली बसत गेलं.

मी ओरडले. टाळ्या थांबल्या नाहीत. काकांनी आवाज चढवला, तोही आरतीचा.

"अगं, सीन करू नकोस," हे दातओठ खात म्हणाले. मग गणपती पाण्यात सोडला आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. साहेबानं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलाखाली गेले. ती काठावर हाती लागलेलं जाळं ओढत होती. जाळी टाकायला मोजकेच दिवस मोकळीक असायची. नवं जाळं उभं करेपर्यंत ते संपणार होते. घरासाठी हिवाळ्याचा मासा धुरावर सुकवायचा तो ह्याच दिवसांतला. मी साहेबाचं नाव सांगितलं.

"तुला कसं माहीत?"

"मी बोटीत होते."

तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं. "मग मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्यासमोर सांग," ती म्हणाली. "नाहीतर इथे मासे घ्यायला येऊ नकोस."

घरी रामायण झालं. "वेड लागलंय का तुला? तो माझा बॉस आहे! प्रमोशन सोड, जॉब जाईल!" मी म्हटलं, गेला तर गेला. आणि सगळं अधिकाऱ्याला सांगून आले.

अधिकारी सभ्य होता. त्यानं बाकीच्यांना विचारलं. साहेब म्हणाला, मी काही कापलं नाही. काका म्हणाले, आम्ही प्रार्थना करत होतो. आमच्या धर्मात प्रार्थना डोळे मिटून करतात. काकू म्हणाल्या, डोळे मिटलेले होते. हेही म्हणाले, डोळे मिटलेले होते.

मी अधिकाऱ्याला सांगितलं की आरती कुणी डोळे मिटून म्हणत नाही, मूर्तीकडे बघत टाळ्या वाजवत म्हणतात. त्या बिचाऱ्याला काय कळणार! चौघे एक सांगतायत आणि तुम्ही एकट्याच दुसरं, तो म्हणाला. प्रकरण तिथेच मिटलं.

"नवरासुद्धा?" बाईनं एवढंच विचारलं. मी मान डोलावली. त्या हंगामात तिच्याकडे विकायला मासाच नव्हता.

ह्यांची नोकरी राहिली. प्रमोशनही झालं. पुढच्या वर्षी साहेबानं बोट आपण होऊन देऊ केली. मी बोटीत बसणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण निघण्याआधीच्या घरच्या आरतीला मी गेले. मुद्दाम मूर्तीच्या शेजारी, माणसांकडे तोंड करून उभी राहिले. आरती सुरू झाली. काकांचे डोळे टक्क उघडे. काकूंचे उघडे. ह्यांचेही उघडे, मूर्तीवर लागलेले. मग ह्यांची नजर सरकत माझ्यावर आली, आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले.