पडद्यावरची पोथी

श्रावणात आमच्या ओटीवर संध्याकाळी पोथी लागायची. वाचणारे वडील, ऐकणारी सगळी वाडी. दोन हजार साल उलटलं त्या सुमारास वडिलांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. भिंगाखालीही ओळी एकमेकींत शिरू लागल्या. पोथी त्यांना तोंडपाठ होती, म्हणून शेजारच्या काकी म्हणाल्या, "नुसती म्हणा हो भावजी. आम्हांला काय, ऐकल्याशी कारण."

"पोथी वाचायची असते. पाठ म्हणायला मी काय पोपट आहे?" वडील म्हणाले. मग एकदा आईला हळूच म्हणाले, "यंदा दुसरा वाचक बघा." एरवी वर्षभर अबोल असणारा हा माणूस श्रावणात काय तो मोकळा व्हायचा.

मी तेव्हा रत्नागिरीच्या बाजारात लग्नपत्रिका टाइप करायचे. मुंबईच्या भावाने पाठवलेला जुना कॉम्प्युटर घरात चादरीखाली झाकून पडला होता. कामावरून आले की मी त्यावर थोडी थोडी पोथी टाइप करायचे. पुरी झाली तशी अक्षरं फुगवत फुगवत जांभळाएवढी केली आणि वडिलांना समोर बसवलं. मग त्यांनी पहिली ओवी वाचली, अगदी सावकाश, पडद्यावर बोट ठेवून. छापील पुस्तकांवर माझा फार जीव, पण इतका आनंद मला एकाही पुस्तकाने दिलेला नाही.

श्रावण लागला. कॉम्प्युटर चौरंगावर चढला, वडील सोवळं नेसून पाटावर बसले. पोथी म्हटली की पूजा आलीच. आईने पडद्याच्या चौकटीला हळदकुंकू लावलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत कीबोर्डवर अक्षता वाहिल्या. वाचन सुरू झालं. बाणाचं बटण दाबून ओळी सरकवायचं काम माझं. अध्याय रंगात आला आणि बटण रुतून बसलं. पडदा हलेना.

पुढची ओवी वडिलांना येत होती. ओटीवरच्या निम्म्या बायकांनाही येत होती. पण ते थांबले, मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळी वाडी. मी कीबोर्ड उपडा करून झोडपला. तांदळाचे दाणे आईच्या पदरात पडले, ओळ सरकली, आणि वडील घसा खाकरून पुढे वाचू लागले. आई वर मलाच म्हणाली, "तुझं यंत्रच नाजूक."

पुढच्या श्रावणापर्यंत जांभळांचे नारळ झाले. पडद्यावर जेमतेम एक शब्द मावायचा. पोथी लागायच्या दिवशी वडील समोर बसून बराच वेळ बघत राहिले. मग पाटावरून उठले. "बस हो. तू वाच."

मी अक्षरं पुन्हा माझ्यापुरती लहान केली. वडील ऐकणाऱ्यांत जाऊन भिंतीला टेकून बसले. त्या जागी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच ओवीला माझे डोळे भरून आले, ओळी एकमेकींत शिरल्या, आणि मी अडखळले.

"घाई नको गो," वडील भिंतीकडून म्हणाले. "अक्षर मोठं कर."