दसऱ्याच्या आधी आणलेलं जुनं मशिन

आमच्या घरात याआधी कुणी कॉम्प्युटर घेतलेला नव्हता, त्यामुळे कसा घ्यायचा हे विचारायला कुणी नव्हतं. उलट सगळे मलाच विचारत होते. मी बीसीएच्या पहिल्या वर्षाला होते. मला माहीत असलेला कॉम्प्युटर म्हणजे कॉलेजच्या लॅबमधला, कुणीतरी आधीच चालू करून ठेवलेला.

लॅबमध्ये मशिनं कमी आणि मुलं जास्त. माझा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. गंगापूर रोडवरच्या कॉलेजातून सातपूरला घरी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि नेमकी तेव्हाच कंपन्यांची शिफ्ट सुटायची. आई गॅलरीत उभी असायची. ती रागवायची नाही. ताट वाढायची आणि गप्प बसायची. गणपती गेल्यावर एकदा मात्र बोलली, "असंच चालणार असेल तर पुढच्या वर्षी साधं बीए कर. इथं जवळ होईल."

पप्पा तिला नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरी कॉम्प्युटर आणू. पण एकदाच. चुकला तर दुसरा नाय आणता येणार. मग आई म्हणते तसं करायचं."

त्या दिवसापासून मला नीट झोप नव्हती. मोबाइलवर किती व्हिडिओ पाहिले असतील! एक जण एक सांगायचा, दुसरा बरोबर उलटं. शेवटी लॅबमधल्या सरांना भीतभीतच विचारलं. ते घाईत होते. "एसएसडी असू दे, रॅम आठ असू दे आणि चालू करून बघ," एवढं बोलून ते गेले. तेवढंच मी धरून ठेवलं: झटपट चालणारी डिस्क आणि आठ जीबी मेमरी.

दसरा दोन दिवसांवर असताना पप्पा पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या निळ्या शर्टातच, माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता. पप्पांकडे बघून म्हणाला, "काका, हा न्या. नवा कोरा, सीलबंद." काचेचा डबा, आत रंगीत दिवे असल्याचं खोक्यावर चित्र होतं. पप्पांचा चेहरा एकदम उजळला.

"हाच बरा," ते म्हणाले. "दसऱ्याला घरीच खोलू. पूजा करून मगच चालू."

मी हळूच म्हटलं, "आत एसएसडी आहे का?"

"सगळं आहे, ताई."

"चालू करून दाखवता का?"

दुकानदार हसला. "सील फोडलं की तो तुमचा झाला. मग आवडला नाही असं चालणार नाही."

शेजारच्या टेबलावर एक काळा, चपटा, अजिबात न चमकणारा कॉम्प्युटर चालू होता. कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला. त्याच्यावर तिथल्या नोंदीचं स्टिकर खरवडल्याचा पांढरा डाग होता. तो नव्यापेक्षा स्वस्त होता आणि आत काय आहे ते पडद्यावर दिसत होतं. मी पप्पांना म्हटलं, "मला हा बघायचाय."

पप्पांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली, पण कडक. "दसऱ्याला दुसऱ्याचं वापरलेलं आणून पुजायचं? सगळे सोनं द्यायला येणार. काय सांगू त्यांना?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. पप्पांना चारचौघांत उलट बोलायची मला सवय नाही. पण सीलबंद खोकं घरी जाऊन कसं निघेल ते मला कळायला मार्ग नव्हता, आणि चुकलं तर दुसरा नव्हता.

"पप्पा, कंपनीत तुम्ही चालवता ते लेथ मशिन कुठं नवं होतं? बंद पडलेल्या कंपनीतून आणलेलं ना? तुम्हीच सांगितलंय. ट्रायल घेतल्याशिवाय साहेबांनी ते उतरवूनसुद्धा घेतलं नव्हतं. आणि दरवर्षी त्यालाच तर तुम्ही हार घालता."

पप्पा माझ्याकडे नाही, त्या काळ्या डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता घरी चल म्हणतील.

"घे ट्रायल," ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसले. रॅम बघितली, आठ होती. एसएसडी होती. कॉलेजची साइट उघडली, लगेच उघडली. बंद करून पुन्हा चालू केला. पप्पा मागे उभे होते. मी "हा" म्हटलं आणि तेच त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "हा द्या. पोरीनं बघितलाय."

दसऱ्याला सकाळी आईनं टेबल पुसलं. डब्याला हळदकुंकू लावलं, पप्पांनी झेंडूचा हार घातला. हार हवेच्या जाळीवर येत होता, तो मी थोडा वर सरकवला. चालू मात्र संध्याकाळी करायचा होता, सगळे आल्यावर. पप्पांच्या मनात तसंच होतं.

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारचे आले, कंपनीत पप्पांच्या लाइनवर काम करणारे एक काकाही आले. आपट्याची पानं माझ्या हातात देत त्यांनी डाग बरोबर हेरला. "जुना दिसतोय की! आम्हाला विचारायचं तरी."

"पोरीनं बघून घेतलाय," पप्पा म्हणाले. "लाव गं."

मी बटण दाबलं. पडदा उजळला. आईनं हात जोडले. "तुझं कॉलेज दाखव," पप्पा म्हणाले. मी साइट उघडायला गेले, ती उघडेना. इंटरनेट नव्हतं. मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं, पण कॉम्प्युटरवर ते कुठं दिसेना. दिसायची जागाच नव्हती. तेव्हा आठवलं, दुकानात मागून एक निळी वायर भिंतीत गेलेली होती. या मशिनमध्ये वायफाय नव्हतंच. मोबाइलवर वाढलेल्या मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. वायफाय हवेसारखं सगळीकडे असतं असंच मी धरून चालले होते.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"थांब जरा."

दुकानात फोन लावला, कुणी उचलला नाही. सणाचं कोण उचलणार! काका म्हणाले, "जुन्याचं असंच असतं. दुकानात चालतं, घरी नाही." कुणीतरी हसलं. पप्पा हसले नाहीत. आई आत जाऊन पेढ्यांचा डबा घेऊन आली आणि झाकण न उघडता उभी राहिली. ती गॅलरीत असते तसाच तिचा चेहरा होता.

मी हॉटस्पॉटचं तेच पान पुन्हापुन्हा उघडत होते. त्याच्या खाली एक ओळ होती, पुसट, दाबली तरी न दबणारी. यूएसबी टेदरिंग. इतका वेळ मी ती वगळूनच वाचत होते. यूएसबी म्हणजे वायर, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट वायरीतूनही देता येत असणार. "आई, चार्जरची वायर दे!" मी ओरडलेच. वायर मोबाइलला लावली, दुसरं टोक कॉम्प्युटरला. ती ओळ ठळक झाली. मी ती दाबली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कॉलेजची साइट वरून खाली हळूहळू उतरली. माझ्या नावाखाली पुढच्या असाइनमेंटची सूचना होती.

काका वाकून म्हणाले, "आलं की!"

पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "हे आता घरून पाठवता येईल?"

"हो."

"लॅबमध्ये थांबायचं काम नाय?"

"नाही, पप्पा."

ते आईकडे वळले. "वाट पेढे."

पेढे वाटताना आई माझ्यापाशी थांबली, बीएचं काही बोलली नाही. पेढा मात्र तिनं माझ्या तोंडात कोंबला, हातात नाही दिला.

आता मी दुपारच्या बसनं घरी येते. वायर अजून तीच आहे, वायफायचं पुढं बघू. कॉम्प्युटर चालू करते तेव्हा पप्पा बहुतेक जेवत असतात. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत त्यांचा घास हातातच थांबलेला असतो. उजळला की मग ते तो तोंडात घालतात.