शेजारी बसणारं माणूस

कवळीताईंना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?", तर त्या "दात करते" म्हणायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. पुढचे दोन खरे की बसवलेले, हे माणूस नमस्कार म्हणेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं. दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली बाईंनी. गुलाबी मेणाच्या पट्टीवर एकेक दात लावायचा, चिमट्यानं केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि त्या अनोळखी माणसाला उद्या शेंगदाणा चावता येईल का, याची काळजी आपण करायची. अशी ही बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी विमान उतरवायला शिकली. हौस? छे हो! हौस नवऱ्याची. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ते मोल भलत्याच माणसाला मोजावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. उभा जन्म लोकांना वर-खाली करण्यात गेला, तरी गड्याची वर जायची हौस फिटेना. पन्नाशीत विमान शिकले. गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात चार सीटांचं एक जुनं विमान होतं, त्यातून दर रविवारी तासभर फिरून यायचे. क्लबात सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. घरी हा माणूस स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवत नसे, पण विमानाची काच मात्र बाळाचं तोंड पुसावं तशी पुसायचा.

मागच्या वर्षी कप्तान स्वयंपाकघरात कोसळले. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटं लागली. ती बावीस मिनिटं ताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होत्या. एवढे कसबी हात, पण करण्यासारखं काही नव्हतं. नुसतं "अहो, अहो" करत राहिल्या. माणूस वाचला, दोन स्टेंट घालून घरी आला आणि खिडकीकडे पाठ करून बसला. डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं ना! सहा महिने दाढी करणं नाही, धड बोलणं नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. ताईंना वाटायचं, मेलेलं बरं असं हे जगणं, आणि मग असं वाटल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटायची.

सातव्या महिन्यात क्लबच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि तोडगा काढला. एकट्यानं उडायचं नाही. उडायचं तर शेजारच्या सीटवर विमान उतरवू शकणारं माणूस हवं, परीक्षा पास झालेलं. कप्तानांनी तिथल्या तिथे वळून बायकोकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून दाढीच्या साबणाचा वास आला, आणि ताईंना रडूच फुटलं.

लेकीनं फोनवर डोकं आपटून घेतलं. "आई, तू नाही म्हण ना! तू बसली नाहीस तर बाबा उडूच शकत नाहीत. संपला विषय!"

"बोलायला काय जातंय तुझं? सहा महिने तू नव्हतीस बघायला."

"मग मी बोलते त्यांच्याशी."

"काही नको. मी बघते काय ते."

बघते कसलं! या बाईंनी उभ्या आयुष्यात नवऱ्याला तोंडावर 'नाही' असं कधी म्हटलेलं नव्हतं. भांडल्या खूप, धुसफुसल्या खूप, पण शेवटी व्हायचं ते त्यांचंच.

मग शनिवारी शनिवारी शिकवणी सुरू झाली. शिकवणारे मास्तर पूर्वी शेतांवर औषध फवारायची विमानं चालवायचे, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. ते डावीकडे बसायचे, ताई उजवीकडे. विमानाची वेग-उंची दाखवणारी सगळी घड्याळं डावीकडच्याच्या पुढ्यात, ताईंना ती शेजाऱ्याच्या हातातला पेपर वाचावा तशी तिरपी दिसायची. डावा हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दट्ट्यावर, उजवा हात सुकाणूच्या चाकावर. हे त्यांना पटकन जमलं. जमेना ते उतरणं. धावपट्टीच्या मधोमध पांढरा पट्टा असतो. ताई विमानाच्या नाकाचा मध्य त्या पट्ट्यावर आणायच्या, अगदी केसभरही फरक नाही, आणि विमान तिरकं टेकायचं. चाकं किंचाळायची, मास्तरांचे गुडघे किंचाळायचे.

"ताई, चूक तुमची नाही, तुमच्या धंद्याची आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही मध्य जुळवताय. पण तुम्ही मध्यावर बसलाय कुठे? तुम्ही उजवीकडे आहात. तुमच्या डोळ्यांसमोर काचेवर जी जागा येते, ती पट्ट्यावर आणा. नाक दिसू दे तिरकं. तिरकं दिसलं की समजा सरळ आहे."

एकतीस वर्षं मध्यरेषा जुळवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण पुढच्या शनिवारी ताईंनी पर्समधून लॅबचं गुलाबी मेण काढलं, मटारएवढी गोळी करून काचेवर डोळ्यांसमोर चिकटवली आणि तीच पट्ट्यावर धरली. विमान असं टेकलं की मास्तरांनी विचारलं, "टेकलो का?" दोन महिन्यांत बाई तयार झाल्या.

आणि नेमकं त्याच सुमारास ताईंना ते दिसायला लागलं. लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, दिव्याखाली अंधार. घर तिसऱ्या मजल्यावर. कप्तान दुसऱ्या मजल्यावर थांबून विजेचा मीटर वाचायला लागले. मीटर शेजाऱ्यांचा! "काय वाचताय?" विचारलं की म्हणायचे, "वापर किती वाढलाय बघ लोकांचा." कपाळावर घाम, ओठ पांढरे. ताई एकट्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी कप्तानांना बोलावून घेतलं, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावल्या, आणि कागद पुढे केला. "रिपोर्ट छान आहे. तुमच्याच मनात भीती बसलीय, साहजिक आहे." आता कागदापुढे बायकोचं काय चालतं?

ताईंना मात्र पुरतं कळून चुकलं होतं. हा माणूस पुन्हा कोसळणार. जमिनीवर कोसळला तर बावीस मिनिटांत गाडी येईल. वर कोसळला तर कोण येणार? नुसतं विमान उतरवून माणूस वाचत नाही. मग त्यांनी मनाशी ठरवलं. तोंडानं नाही म्हणता येत नाही ना, नाही तर नाही. परीक्षेत नापास व्हायचं. बाईला जमलं नाही, म्हातारपणी कुणाला जमतंय, विषय संपला. सहा महिन्यांची दाढी परत येईल. येऊ दे. दाढी तरी दिसेल.

परीक्षा अशी होती. डावीकडे कप्तान, उजवीकडे ताई, मागे मास्तर. वर गेल्यावर मास्तर कप्तानांच्या खांद्यावर टिचकी मारणार, कप्तानांनी बेशुद्ध पडल्याचं सोंग करायचं, आणि पुढचं सगळं ताईंनी. चुकतंय असं दिसलं की मास्तर ओरडणार, कप्तान डोळे उघडून विमान हातात घेणार. म्हणजे धोका काही नव्हता. ताईंनी ठरवलं होतं, मेणाच्या गोळीकडे बघायचंच नाही. पहिल्या दिवसासारखा नाकाचा मध्य पट्ट्यावर धरायचा. मास्तर ओरडतील, झालं काम.

टिचकी बसली. कप्तान सीटच्या पट्ट्यात पुढे लोंबकळले, हनुवटी छातीवर, तोंड अर्धवट उघडं. खालचे पुढचे दोन दात दिसत होते. ते ताईंनीच केलेले, चहानं पिवळट झालेल्या बाकीच्या दातांना रंग जुळावा म्हणून तीनदा बदललेले. ताईंनी रेडिओवर सांगायचं ते सांगितलं, दट्ट्या थोडा मागे घेतला, विमान धावपट्टीकडे वळवलं. नाक पट्ट्यावर आणलं. बरोब्बर मध्य. मास्तर अजून गप्प होते.

"अहो," ताई हळूच म्हणाल्या.

कप्तान हलले नाहीत.

"अहो, पुरे झालं. बघा तरी इकडे."

काही नाही. डोकं विमानाबरोबर डुलत होतं, स्वयंपाकघरात मांडीवर डुललं होतं अगदी तसं. सोंग आहे, ताई स्वतःला म्हणाल्या. या माणसाला सोंगं करायची खोडच आहे. पण ओठ? ओठ पांढरे होते का? उजवीकडून नीट दिसत नव्हतं. आणि सोंग नसेल तर? मास्तर ओरडतील आणि हे डोळे उघडणारच नाहीत तर? मागच्या सीटवरून मास्तरांचा हात कुठे पोचतोय?

मग ठरवलेलं सगळं गेलं उडत. ताईंनी मान सरळ केली, गुलाबी गोळी शोधली आणि पट्ट्यावर आणली. डावा हात दट्ट्यावर केसभर मागे, उजवा हात सुकाणूवर केसभर वर. तोंडानं एकच चाललं होतं, "थांबा हं, आलोच आपण, थांबा हं." चाकं टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. विमान थांबलं तसे ताईंनी कप्तानांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

कप्तानांनी एक डोळा उघडला. "काय गं, उतरलो?"

मागून मास्तरांनी टाळ्याच वाजवल्या. "ताई, माझ्या पोरांपैकी एकानं असं उतरवलं नाही आजवर! कप्तान, नशीब काढलंत तुम्ही!"

"मग! बायको कुणाची?" कप्तान हसून हसून लाल झाले. "आणि माझं काम कसं झालं ते सांगा की!"

ताई म्हणाल्या, "मी नापास व्हायला आले होते."

दोघं असे खदखदून हसले की विमान हललं. "ऐकलंत मास्तर? नापास व्हायला म्हणे!"

"खरं सांगतेय मी. तुम्ही उडू नये म्हणून. मला नाही बघवत हो आता तुमच्याकडे."

"अगं, रडतेस काय वेडे?" कप्तानांनी बायकोच्या पाठीवर हात फिरवला. इतक्या मायेनं वर्षभरात फिरवला नव्हता. "पुढच्या रविवारी विमानानंच लेकीकडे जाऊ. तीन तासांचा तर रस्ता. आता मला कसली भीती? तू आहेस ना शेजारी."

मास्तरांनी मागून कागद पुढे केला. तळाशी दोन रेघा होत्या, एक परीक्षकाची, एक शेजारी बसणाऱ्याची. कप्तानांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून बायकोच्या हातात दिलं. ताईंनी सही केली. मग दुसऱ्या प्रतीवरही केली.