महापौरांचा लाल झगा: गुंगालिन ते काउरा आणि परत

सहा वर्षं मी एका माणसाच्या मागे आहे आणि त्याला मरून साडेचारशे वर्षं होत आली. नाव रॉबर्ट पेलिंगम. ट्यूडर काळातला, इंग्लंडच्या एका बंदरातला लोकरी कापडाचा व्यापारी, पुढे तिथला दोनदा महापौर. मी कॅनबेरातल्या एका युनिमध्ये इतिहास शिकवते आणि त्याच्यावर पुस्तक लिहितेय. शेवटच्या प्रकरणासाठी यंदा इंग्लंडला जायचं होतं. कोव्हिड आला, सीमा बंद झाल्या, माझ्या तिकिटाचं व्हाउचर झालं.

मग इथल्या ऐन थंडीत, जूनमध्ये, काउरा गावाच्या पुढच्या एका फार्मवरून मार्गारेटबाईंचा ईमेल आला. पेलिंगम त्यांचा पूर्वज, आणि त्याच्या एका पत्राची जुनी नक्कल त्यांच्या पेटीत आहे. लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. मी लगेच गाडी काढली.

बरोबर बाबा, म्हणजे माझे सासरे. लक्ष्मी रोडला त्यांचं साड्यांचं दुकान, शिवाय दोनदा नगरसेवक. आमच्याकडे कॅनबेरातल्या गुंगालिनला तीन आठवड्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. सासूबाई पुण्यातच होत्या. तेव्हापासून बाबा रोज आमच्या सोफ्यावरून, मागे कोरी भिंत घेऊन, प्रभागासाठी फेसबुक लाइव्ह करायचे. "घरात राहा. मी तुमच्यासाठी इथेच आहे." 'इथेच' म्हणजे कुठे, हे मतदारांना कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी आठला निघालो तेव्हा तापमान उणे चार. (काचेवरचा बर्फ जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा. गरम पाणी ओतू नका, काच तडकते.) बार्टन हायवेने यास, तिथून बुरोवा, मग काउरा. अडीच तास धरा. रस्ता चांगला, पण ट्रक बरेच लागतात.

वाटेत मी बाबांना पेलिंगम सांगितला. दुकानात शिकाऊ म्हणून लागला. मालक वारल्यावर मालकिणीशी लग्न केलं, दुकान आपसूक हातात आलं. अँटवर्पला कापड धाडायला लागला आणि श्रीमंत झाल्यावर नगरसभेत गेला.

"कशाला गेला?"

"लोकसेवेसाठी. त्याच्या थडग्यावर तसं कोरलंय."

"धक्क्यावरची जागा कुणाला द्यायची, हे नगरसभाच ठरवायची ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," बाबा बाहेरच्या मेंढ्या बघत म्हणाले. माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा निकाल बुरोवा यायच्या आत लागला.

शेवटचं प्रकरण मात्र मला प्राणप्रिय होतं. गावात प्लेग आला, बडी माणसं पळाली, हा महापौर मात्र राहिला. रोज त्याच्या दारात गरिबांना पाव वाटला जायचा. थडग्यावर तेही कोरलंय.

बुरोवाच्या बेकरीत दारातच नाव आणि फोन नंबर लिहायची वही होती. बाबांनी नावापुढे 'माजी नगरसेवक' असंही लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नो वरीज, मेट." बाबांना मेट, म्हणजे दोस्त, म्हणणारी ती पहिलीच. पालकाचा रोल गरम मिळाला तर जरूर खा.

मार्गारेटबाई पंच्याहत्तरीच्या, पायात रबरी बूट. व्हरांड्यात दीड दीड मीटरवर खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि अदबीने मागे सरकल्या. चहा आणि स्कोन आधीच आले होते.

मी एकेक ओळ इंग्रजीत मोठ्याने वाचून बाबांना मराठीत सांगायला लागले. पत्र बायकोला लिहिलेलं, गावापासून वीस मैलांवरच्या शेतघरातून. इकडची हवा चांगली आहे. माझा लाल झगा वरच्या खिडकीत टांग, म्हणजे मी घरात आहे असं लोकांना वाटेल. ज्या घरात कोणी आजारी असेल त्या घराचं दार बंद करायचा माझा हुकूम पहारेकऱ्यांना वाचून दाखव. आणि पाव वाटशील तो माझ्या नावाने वाट.

"लबाड म्हातारा!" मार्गारेटबाई इतक्या हसल्या की कुत्रा दचकून उठला.

मला हसू येईना. सहा वर्षं मी ज्याची आरती ओवाळली, तो खिडकीतला एक झगा निघाला.

बाबांनी हातातला स्कोन खाली ठेवला. "पाव कोण वाटत होतं म्हणालीस?"

"बायको."

"नाव काय तिचं?"

पत्रात नाव नव्हतं. माझ्या सहा वर्षांच्या टिपणांतही नव्हतं.

फार्मवर फोनला रेंज नव्हती. परतताना काउराला ती आली, तसं बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि सासूबाईंना फोन केला. टाळेबंदी लागल्यापासून त्या आमच्या दुकानासमोर धान्य वाटत होत्या.

"सुलभा, पिशव्यांवर माझा फोटो आहे का गं?"

"होता. काढायला लावला. साहेब कधी गेले, म्हणून लोक विचारायला लागले."

मी हसू आवरलं. बाबा हसले नाहीत. तिकडून खोकल्याचा आवाज आला.

"खोकतेस का?"

"पोत्यांची धूळ हो. ठेवते, रांग लागलीये."



त्याच आठवड्यात इंग्लंडच्या अभिलेखागारातून माझ्या जुन्या प्रश्नाला उत्तर आलं. चर्चच्या दफन नोंदीत, पत्रानंतर तीन आठवड्यांनी, एक ओळ आहे: 'महापौरांची बायको.' मी ती जेवताना वाचून दाखवली. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "निखिल, भारतात परत जाणाऱ्यांच्या विमानाची यादी असते ना? माझं नाव घाल."

"बाबा, तिकडे केसेस वाढतायत. वेडेपणा करू नका."

"तिला खोकला येतोय."

महिन्याभराने त्यांना जागा मिळाली. सासूबाईंना झाला होता तो कोव्हिडच. बाबा पोचले तेव्हा त्या हॉस्पिटलमधून नुकत्याच घरी आल्या होत्या, आणि विलगीकरणामुळे बाबांना आणखी चौदा दिवस त्यांना दारातूनसुद्धा बघता आलं नाही.

सहल एका दिवसाची. काउराचा रस्ता सुंदर आहे, जरूर जा. मी घरी येऊन शेवटचं प्रकरण फाडलं. नवं प्रकरण जिच्याबद्दल आहे तिचं नाव अजून सापडलेलं नाही, त्यामुळे दर ओळीत नुसतंच 'ती' लिहावं लागतं. परवा हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं.

"नावाचं काय एवढं?" त्या म्हणाल्या. "रांग कुठून लावली, म्हाताऱ्यांना आधी दिलं का, ते लिही."

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. "सुलभा, तूरडाळ संपली. पुढच्याला काय सांगू?"